दोन हॉर्न

अनंत घाडीला लोक विश्वासू म्हणत आणि त्यात खोटं काही नव्हतं. भांडुपच्या त्याच्या गॅरेजमधून तीस वर्षांत कुणाचा पाना हरवला नाही. पण एका गाडीशी तो जे वागला, त्यानंतर विश्वासू हा शब्द कानावर आला की त्याची मान खाली जाई.

गाडी मुलुंडच्या चंद्रप्रकाश समर्थांची. त्रेसष्ट सालची, दोन सीटची, टप उघडणारी विलायती एमजी. हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी समर्थांचे जिने बंद केले. इमारत तीन मजली, लिफ्टचं नाव नाही. साहेब वर अडकले आणि गाडी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली गेली. दर रविवारी नऊ वाजता अनंताने यायचं आणि इंजिन दहा मिनिटं चालवायचं, असं ठरलं. साहेब खिडकीत बसून ते ऐकत. मग अनंता वर जाऊन चहा घेई, आणि साहेब विचारत, "आज जरा घरघरली का रे?" त्यांचा कान असा तयार.

सात वर्षं हे सुरळीत चाललं. मग वर्सोव्याचं एक गिऱ्हाईक अडलं. त्याचीही तसलीच गाडी, मुलाच्या वरातीला हवी होती. अनंताने समर्थांच्या गाडीचे दोन्ही कार्बोरेटर काढून त्याला चार दिवसांसाठी दिले. साहेबांना विचारलं नाही; चार दिवसांचा तर प्रश्न, काय विचारायचं? वरात निघाली, आणि महिन्याभरात तो गृहस्थ गाडी विकून परदेशी गेला. तसले कार्बोरेटर काही भाजीबाजारात मिळत नाहीत, आणि त्यांच्याशिवाय इंजिन चालू होत नाही.

कार्बोरेटर काढल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी अनंता गाडीत बसला. वर खिडकी उघडी होती. काहीतरी वाजायला हवं म्हणून त्याने दोनदा हॉर्न वाजवला आणि ओरडून सांगितलं, "झकास आहे, साहेब."

मग साहेब म्हणाले, "वर ये, चहा घे."

"पुढच्या रविवारी, साहेब. घाई आहे."

वर गेलं तर साहेब डोळ्यांत बघून विचारणार. तेव्हा मग दोरीला बांधलेली पिशवी खाली आली. पिशवीत डबा, डब्यात दोन बेसनाचे लाडू. आणि ह्या गड्याने ते खाल्ले. पुढची सात वर्षं दर रविवारी दोन हॉर्न, वरून 'वर ये', खालून 'पुढच्या रविवारी', आणि पिशवी. बॉनेट त्याने पुन्हा उघडलं नाही. आतलं भोक बघायची हिंमत नव्हती. सीटमागची बॅटरी मात्र इमानाने बदलत राहिला, हॉर्नसाठी.

साहेब गेले. इमारत पुनर्विकासाला निघाली, अंगण रिकामं करायचं म्हणून त्यांच्या मुलीने, उत्तराने, जाहिरात दिली. 'बंद स्थितीतली एमजी. दुरुस्तीची हौस असणाऱ्यासाठी. चौदा वर्षं एकाच विश्वासू मेकॅनिकच्या हाताखाली.' गिऱ्हाईक येणार म्हणून तिने अनंतालाही बोलावलं. सुनंदाला, बायकोला, सगळं ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली, "जावा. आणि खरा काय ता सांगा."

पवईहून प्रीतम नावाचा इंजिनियर आला. ताडपत्री निघाली. पत्रा गंजून पोपडे सुटलेले, सीटमध्ये उंदरांचा संसार. त्याने बॉनेट उचललं आणि आत वाकून म्हणाला, "कार्बोरेटरच नाहीत. चोरलेत कुणीतरी."

"भीमराज असेल," उत्तरा म्हणाली. "आधीचा वॉचमन. त्याच्यावर सोसायटीचा संशय होताच."

भीमराजने कधी कुणाची कुंडीसुद्धा हलवली नव्हती. अनंताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मी काढले, ताई," तो म्हणाला आणि वरातीपासून लाडवांपर्यंत सगळं सांगून टाकलं. प्रीतम बिचारा उगाचच टायर बघायला खाली बसला.

उत्तराने बॉनेट खाली टेकवलं. मग म्हणाली, "कार्बोरेटरचं नव्हतं माहीत. पण इंजिन चालत नाही हे बाबांना पहिल्याच हॉर्नला कळलं होतं, काका. इंजिन चालायचं तेव्हा तुम्ही कधी हॉर्न वाजवला होता? मी म्हटलं, विचारा त्यांना. तर म्हणाले, विचारलं तर लाजेने यायचा बंद होईल. वर येईल एक दिवस, आपणहून सांगेल."

"आणि ते जाहिरातीतलं... विश्वासू?"

"त्यांनीच लिहून ठेवलं होतं."

अनंताला धरणी दुभंगावी असं वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या त्याने. साहेबांना उतरता येत नव्हतं. त्याला चढता येत होतं.

"चला वर, चहा टाकते," उत्तरा म्हणाली.

'पुढच्या रविवारी' हे शब्द सवयीने जिभेवर आले. ते त्याने गिळले आणि कठड्याला धरून जिना चढू लागला. चोपन्न पायऱ्या. दोन मिनिटंही लागली नाहीत.