रेषेवरची मावशी

माझ्या मावशीने चांगले चांगले टेनिसपटू हाताच्या अंतरावरून पाहिले आहेत, असं आम्ही लोकांना फुशारकीने सांगायचो. ती थाप होती. ती त्यांच्या जवळ उभी असायची हे खरं, पण बघायची ती फक्त रेषा. लाइन पंचाचं कामच तसलं. चेंडू कोणी मारला, कसा मारला, लोक कशाला उसळले, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. मान वळवायची नाही, चेहरा कोरा ठेवायचा आणि टाळी तर जीव गेला तरी वाजवायची नाही. चेंडू बाहेर पडला की हात आडवा करून ओरडायचं, आणि रेषेला चाटून आत पडला की दोन्ही पंजे खाली धरून गप्प उभं राहायचं.

एरवी मावशी बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला. उजेडाच्या पडद्यापुढून बाटल्या सरकत जातात आणि ती तडा गेलेली उचलून बाजूला काढते. कारखान्याच्या क्रीडामंडळाला एकदा पंच कमी पडले, कोणीतरी म्हणालं हिची नजर बरी आहे, आणि मावशी रेषेवर जी जाऊन उभी राहिली ती राहिलीच. आमच्या शहरात वर्षातून एकदा व्यावसायिक खेळाडूंची मोठी स्पर्धा भरते. त्या आठवड्यात ती रजा टाकून निळा कोट चढवायची आणि घरातही कोणाशी धड बोलायची नाही. काका दातांच्या कवळ्या बनवतात. ते म्हणायचे, बायको आठवडाभर सरकारजमा झाली.

तरी खेळाडूंबद्दल तिची मतं ऐकून घ्या. जेवायला बसलं की वाद ठरलेला. मी आपली सरळ जिंकणाऱ्याच्या बाजूची. हरणाऱ्याचं कौतुक करणारी माणसं मला उगाच पुण्यवान असल्याचा आव आणणारी वाटतात, अजूनही वाटतात. मावशीचं गणित निराळं होतं. तिला दिसायचे ते बूट. सर्व्हिसच्या आधी कोण माती उकरतो आणि मग स्वतःच पायाने सारखी करतो, चुकल्यावर कोण रॅकेटला दोष देतो, कोण पुटपुटून स्वतःलाच शिव्या घालतो, एवढ्यावर ती माणूस ओळखायची. हरताना ज्याच्याकडे बघवतं तो आपला, असं तिचं म्हणणं.

या गणितात पहिला नंबर पोस्टमनचा. हे नाव लोकांनीच ठेवलेलं. टक्कल पडायला लागलेला, वयाने कोर्टावर सगळ्यांत मोठा, आणि कसलाही चेंडू मारा, हा तो तुमच्या पत्त्यावर परत आणून टाकणार. स्वतःचा फटका बाहेर गेला तर पंचांच्या आधी हाच हात वर करायचा. शेवटचा नंबर छोटे सरकारांचा, हेही लोकांनीच ठेवलेलं नाव. उंच, देखणा, जाहिरातींतून दात दाखवणारा. ते दात त्याचे स्वतःचेच आहेत, असा काकांचा व्यावसायिक अभिप्राय होता. त्याची जीभ मात्र सैल होती आणि ती पंचांवर जास्त चालायची.

मागच्या स्पर्धेत उपांत्य सामन्याला मावशी नेमकी त्याच्या मागच्या रेषेवर होती. सामना अगदी काट्यावर आलेला. समोरच्याने सणसणीत फटका मारला, छोटे सरकारांची रॅकेट पोचली नाही, चेंडू रेषेच्या काठाला टेकून गेला. मावशीने पंजे खाली धरले. चेंडू आत, गुण समोरच्याचा. छोटे सरकार रेषेपर्यंत चालत आले आणि रॅकेटने जमिनीकडे बोट दाखवल्यासारखं करून म्हणाले, ही बघा खूण, बाहेर आहे.

त्या कोर्टावर लाल माती असते. चेंडू टेकला की खूण उमटते आणि वाद झाला की मुख्य पंच उंच खुर्चीवरून उतरून ती बघतात. पण खेळभर शेकडो चेंडू पडलेले असतात, म्हणून कोणती खूण कोणत्या चेंडूची हेच आधी ठरावं लागतं. छोटे सरकार दाखवत होते ती खूण जुनी होती, कधीच्या तरी आधीच्या चेंडूची. खरी खूण रेषेला लागून होती, आणि हे महाशय चालत आले ते तिच्यावरूनच. तिथे आता फक्त त्यांच्या बुटाचा फराटा होता. मुख्य पंचांनी विचारलं तेव्हा मावशीने त्या फराट्याकडे हात केला. छोटे सरकार तिच्या अंगावर ओरडले, आंधळ्या बायका कुठून गोळा करता म्हणाले. टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढे त्यांचीच पाठ आलेली, त्यामुळे तिथेही काही दिसेना. मुख्य पंचांना दिसत होती ती एकच खूण आणि ती बाहेर होती. गुण फिरला, त्याबरोबर सामनाही फिरला आणि छोटे सरकार अंतिम सामन्यात गेले.

लोकांनी मात्र त्यांची हुर्यो उडवली. आणि छोटे सरकारांना हुर्यो सोसत नाही. पुढच्या वर्षी इथे पाय ठेवणार नाही, असं ते बोलून गेले. संध्याकाळी स्पर्धेच्या व्यवस्थापकांनी मावशीला बोलावलं. मॅडम, उद्या कॅमेऱ्यासमोर हात मिळवा, माझ्याकडून चुकीची खूण दाखवली गेली एवढं म्हणा, आणि परवा अंतिम सामन्याला रेषेवर या. नाही म्हणाल तर अंतिम सामना विसरा, पुढची वर्षंही विसरा. मावशीला आजवर अंतिम सामना मिळाला नव्हता. त्या वर्षी पहिल्यांदाच तिचं नाव लागलं होतं.

ती नाही म्हणून आली. घरी माझ्या आईने, म्हणजे तिच्या सख्ख्या बहिणीने, तिला धारेवर धरलं. एक वाक्य तर बोलायचं होतं, तुझं काय झिजणार होतं? मावशी कोटाची बटणं काढत राहिली. म्हणाली, "ताई, मला तिथे उभं करतात ते याच एका वाक्यासाठी. तेच खोटं बोलले तर मी तिथे नुसती कोट घालून उभी आहे." मला इतका संताप आला होता की मी सगळ्यांसाठी अंतिम सामन्याची तिकिटं काढली. शिट्ट्या मारून छोटे सरकारांची पोटभर हुर्यो उडवायची असं ठरवूनच गेले.

आम्हाला जागा मिळाली त्याच रेषेच्या मागे, कठड्याजवळ. मावशी साध्या कपड्यांत आलेली आणि तिला बसता येईना. पहिले काही गेम ती रेषेकडेच डोळे लावून होती. शेवटी मी तिची हनुवटी धरून मान वर केली आणि म्हटलं, अगं खेळ तिकडे चाललाय. इतकी वर्षं कोर्टावर काढून तिने टेनिस पाहिलं ते असं, त्या दुपारी पहिल्यांदा.

समोर तिचा लाडका पोस्टमन होता. बिचारा नेहमीप्रमाणे पत्त्यावर टपाल टाकत होता. परत, परत, परत. थोड्या वेळाने मावशी माझ्या कानाशी येऊन खजील होऊन म्हणाली, "माणूस देवासारखा आहे गं, पण मला बाटल्या दिसायला लागल्यात." मला हसू आवरेना.

आणि मग छोटे सरकारांनी पळत येऊन, जाळीकडे पाठ असताना, दोन पायांमधून चेंडू उचलला. तो पोस्टमनच्या डोक्यावरून अल्लद जाऊन कोपऱ्यात पडला. स्वतः छोटे सरकार जागच्या जागी थबकले, तोंड उघडं, हा फटका दुसऱ्याच कोणी मारलाय असे चकित. नंतर एकदा ते मातीत सपशेल आडवे झाले आणि पडल्या पडल्या रॅकेटवर हात आपटून पोस्टमनच्या फटक्याला दाद देत राहिले. सगळं स्टेडियम हसलं. मी शिट्टीसाठी तोंडात बोटं घातली आणि बाजूला टाळ्यांचा कडकडाट ऐकला. मावशी उभी राहून टाळ्या वाजवत होती. इतक्या वर्षांच्या दाबून ठेवलेल्या टाळ्या एकदम बाहेर आल्या असाव्यात.

आई म्हणाली, हिचं डोकं फिरलंय. मी तर खवळलेच. तुला आंधळी म्हणाला तो, त्याला टाळ्या? मावशी बसली, पण तिची नजर कोर्टावरून हलेना. म्हणाली, "पोस्टमन दार लावून काम करतो. हा आपल्याला आत घेतो. पुढे काय करणार ते त्यालाच ठाऊक नसतं, आणि जमलं की आपल्याइतकाच खूश होतो. छान आहे ते. छान आहे त्याला मी छान म्हणणार, तू चीड नाहीतर रड." मग ती दोन तास तशीच बसली, प्रत्येक फटक्याबरोबर मान वळवत, हात लाल होईपर्यंत टाळ्या पिटत. खरं सांगू, मलाही मजा यायला लागली होती. त्याचाच मला जास्त राग आला.

छोटे सरकार हरले. नको तिथे नखरे केले आणि पोस्टमनने मुकाट्याने सामना खिशात घातला. बक्षिसाचं व्यासपीठ मांडेपर्यंत छोटे सरकार कठड्याजवळून सह्या देत येऊ लागले. मावशीसमोर आले आणि थांबले. ओळखलं. व्यवस्थापक मागे होतेच. त्यांनी मावशीच्या टाळ्या पाहिल्या असणार, कारण चेहरा कसा फुलला होता. म्हणाले, बघा, मॅडम तुमच्या चाहत्या निघाल्या. आता एवढं म्हणून टाका मॅडम, म्हणजे विषय संपला, पुढच्या वर्षी कोट तुमचाच. आजूबाजूचे फोन वर झाले. छोटे सरकार इतके गोड हसले की मी असते तर काहीही कबूल करून बसले असते.

मावशी म्हणाली, "तुमच्यासारखा खेळ मी पाहिला नव्हता. उद्या खेळलात तर उद्याही टाळ्या वाजवीन. पण त्या दिवशीचा चेंडू आत होता."

व्यवस्थापकांनी कपाळाला हात लावला आणि फोनवाल्यांना मागे सारायला लागले. तेवढ्या गडबडीत छोटे सरकार कठड्यावरून वाकले. आम्हाला दोघींनाच ऐकू येईल असं म्हणाले, "माहितीये मला. म्हणून तर त्याच्यावरून चालत आलो."

लाज वगैरे नव्हती. एखाद्या खोडीची मजा सांगावी तसं सांगितलं, आणि नेमकं त्या वेळीही ते आवडण्यासारखेच दिसत होते. मावशीने व्यासपीठावरच्या माइककडे बोट केलं. "मग हे तिथे बोला," ती म्हणाली. "तुमचं काही जाणार नाही, अंतिम सामना तर तुम्ही हरलातच. माझी जागा मला परत मिळेल." त्यांनी माइककडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, मान डोलावल्यासारखं केलं आणि गेले.

उपविजेता म्हणून त्यांचं नाव पुकारलं. माइक हातात आला. मावशी पुढे सरकून बसली, तिने माझं मनगट घट्ट धरलं. छोटे सरकार बोलले मात्र फारच सुरेख. पोस्टमनची थट्टा केली, स्वतःची केली, माती झाडणाऱ्यांपासून सगळ्यांचे आभार मानले, आणि मग आमच्या दिशेला बघून म्हणाले, आणि अर्थातच रेषेवरचे पंच, त्यांच्याशिवाय आम्ही कोणाशी भांडणार? एक डोळा मिचकावला. बस, एवढंच. हशा उसळला. टाळ्यांचा पाऊस पडला, आमच्या रांगेतले लोक तर मावशीकडे वळून वळून टाळ्या वाजवत होते, आई वाजवत होती, आणि कबूल करायला लाज वाटते, पण माझेही हात उठले होते.

मावशीने माझं मनगट सोडलं. तिने लाल झालेले दोन्ही तळवे मांडीवर ठेवले आणि सगळ्या फोनांसमोर तसेच ठेवून बसली. आईने तिला कोपराने ढोसलं. लोक बघतायत, वाजव की दोन टाळ्या.

"खेळ मघाशीच संपला," मावशी म्हणाली आणि हात उचलले नाहीत.