ती धावत होती का?

एक घटना अजून मनातून जात नाही. नोकरीत खून-दरोड्यांचे तपास पुष्कळ केले. हा मात्र साधा अपघाताचा गुन्हा होता. दोन हजार सालानंतरची ती वर्षं, मी पनवेलला उपनिरीक्षक होतो.

हायवेवर पळस्पे गावाजवळ सकाळी सातच्या सुमारास शाळेत निघालेल्या आठ वर्षांच्या मुलीला एका गाडीने उडवलं आणि गाडी पळून गेली. मुलगी जागीच गेली. पाहणारं कोणी नव्हतं. पंचनाम्यात हाती लागला तो इंडिकेटरच्या नारिंगी काचेचा तुकडा. अज्ञात चालकाविरुद्ध गुन्हा दाखल झाला.

मुलीचा बाप जवळच्याच गावचा, एका गोदामात हमाली करायचा. रोज कामावर जाण्याआधी पोलीस ठाण्यात यायचा. खुर्ची दिली तरी बसायचा नाही. "सायेब, गाडी गावली का?" एवढं विचारून अंमलदाराच्या टेबलाभोवती घुटमळत राहायचा. एकदा म्हणाला, "त्या दिशी ती बोलली, सायकलवर सोडा. मना उशीर झालता. नको म्हनलो." लगेच हात जोडून म्हणाला, "घरात बोलू नका."

आई दुपारी यायची. तीही उभीच. गाडी सापडली की नाही, हे तिने कधी विचारलं नाही. तिचा प्रश्न एकच, "सायेब, ती धावत व्हती का?" चौथ्या की पाचव्या खेपेला उलगडा झाला. शाळेला उशीर होतोय म्हणून "धाव" असं तिनेच मुलीला दटावलं होतं. "मी येते त्ये यांना सांगू नका," ती म्हणाली.

एकाच घरातली दोन माणसं एकमेकांना चुकवून येत होती, आणि दोघांना द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. दुपारी दारात चपला वाजल्या की मी फाईलमध्ये डोकं घालायचो.

तीन आठवड्यांनी हायवेवर गॅरेज चालवणारे एक मुस्लिम गृहस्थ आपणहून आले. "साहेब, त्याच दिवशी एक टेम्पोवाला आला होता. इंडिकेटर नवा लावला, पत्रा ठोकून घेतला. म्हणाला, कुत्रा आडवा आला. कुत्र्याने एवढा पत्रा आत जात नाही. माझं नाव नको फक्त." साक्षीला यावं लागेल, असं मी सांगितलं. ते उठून दारापर्यंत गेले. मग म्हणाले, "येईन. मलाही मुली आहेत."

जुना फुटका इंडिकेटर त्यांच्या भंगारात पडून होता. आमचा तुकडा त्यात अचूक बसला.

गॅरेजच्या वहीतल्या टेम्पोच्या नंबरावरून चालक सापडला, पंचविशीचा. पहिला तासभर त्याने कुत्र्याचंच लावून धरलं. मी दोन्ही तुकडे जुळवून टेबलावर ठेवले. थोड्या वेळाने तो रडू लागला. गोव्याहून न थांबता आला होता, डोळा लागला होता. गुन्हा उघड झाला. तरी मी विचारलं, "मुलगी धावत होती?"

"नाही साहेब. गाडी रस्त्याखाली उतरली, त्या झटक्याने डोळे उघडले. मुलगी समोरच कडेला मातीत उभी होती, वाकून चप्पल नीट करत होती."

दुसऱ्या दिवशी मी नवरा-बायकोला एकाच वेळी बोलावलं आणि हे सांगितलं.

"मंजे धावली नाय," आई म्हणाली आणि पहिल्यांदाच खाली बसली.

नवरा भिंतीकडे बघत म्हणाला, "मी सायकलवर नेली असती तर..."

"मना ठाव हाय. मी आयकला व्हता तवा."

"मंग बोलली का नाय?"

"मी पन तिला धाव म्हनले व्हते. काय बोलू तुमाला?"

चहा सांगायचं निमित्त करून मी बाहेर गेलो.

मला वाटलं, संपलं. पुढच्या आठवड्यात दोघं पुन्हा आले, या वेळी बरोबर. आरोपी जामिनावर सुटला होता, खटल्याला अवकाश होता. काय काम काढलंत, असं विचारलं, तर नवरा म्हणाला, "काय नाय सायेब. घरात बसवत नाय." थोडा वेळ बसून ते गेले. माझी बदली होईपर्यंत अधूनमधून असेच येत राहिले.

आरोपी सापडला की मन शांत होईल, असं मी तोवर प्रत्येक कुटुंबाला सांगत असे. त्यानंतर ते कधी सांगितलं नाही. मात्र घरातल्या प्रत्येकाला वेगळं बसवून विचारू लागलो, तुम्हाला नक्की काय जाणून घ्यायचंय? पुष्कळांना आरोपीचं नाव नको असायचं. त्यांना काही वेगळंच हवं असायचं, आणि ते त्यांनी घरात कुणालाच विचारलेलं नसायचं.