व्हिडिओतले आमचे डॉक्टर

"डायबेटिक किटोॲसिडोसिस," लातूरच्या आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून सांगितलं. इन्सुलिन मिळालं नाही की शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं आणि रक्तात आम्ल साचतं. माणूस यात जाऊ शकतो. मग त्यांनी विचारलं, "ताई, मामांचं इन्सुलिन कुणी बंद केलं?"

मी म्हणाले, "तुम्हीच."

मोबाईल त्यांच्यासमोर धरला. त्यात तेच होते. तोच चष्मा, तोच आवाज. "इन्सुलिनची आता गरज नाही. आपण हे चूर्ण घ्यावे, मधुमेह मुळासकट जाईल."

डॉक्टरांनी तो व्हिडिओ उभ्यानेच पाहिला. "हा मी न्हाई, ताई. माझा चेहरा चोरलाय. परवा जळकोटचे एक पेशंट मलाच शिव्या देऊन गेले." याला डीपफेक म्हणतात. खऱ्या माणसाचा चेहरा आणि आवाज उचलून कॉम्प्युटरवर त्याच्या तोंडी हवं ते घालायचं.

औशात आमचं किराणा दुकान. मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पाच वर्षांपासून इन्सुलिन. औषधांचा तक्ता मी लिहिते आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवते. तक्त्यात आहे ते मालक न विचारता घेतात. व्हिडिओ पाहून चूर्ण मी लिहिलं. इन्सुलिनवर रेघ मी मारली.

त्यांना शंका आली होती. "डॉक्टर कधी 'आपण घ्यावे' म्हणतेत का? 'मामा, गोड लई झालं' म्हणतेत. हे तर पुणेकरावानी बोलायलेत."

"व्हिडिओत माणूस शुद्धच बोलतो," मी म्हणाले. "घ्या गुपचूप."

चौथ्या दिवशी तहान वाढली. सहाव्या दिवशी उलट्या. घाण बाहेर पडतेय असं मी समजले, कारण व्हिडिओत तसंच सांगितलं होतं. आठव्या दिवशी सकाळी श्वास जोरजोरात चालू लागला, तोंडाला पिकल्या फळासारखा वास. गाडी करून लातूर गाठलं.

आयसीयूत तीन दिवस. दर तासाला शुगर. बाहेरच्या बाकावर बसून मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. खोटेपणा कुठे दिसतो ते शोधलं. सापडला नाही. अनोळखी भोंदू असता तर मी दारातूनच हाकलला असता. ज्या चेहऱ्यावर घरातला जीव सोपवला होता, नेमका तोच व्हिडिओ बनवणाऱ्यांनी वापरला.

तुमच्याकडे असा व्हिडिओ येईल तेव्हा चालू औषध बंद करण्याआधी दवाखान्यात फोन करा. लागला नाही तर औषध चालू ठेवा आणि जाऊन विचारा. औसा ते लातूर अर्ध्या-पाऊण तासाची बस आहे. मी गेले नाही.

मालक वाचले. डॉक्टरांचे आणि नर्सबाईंचे उपकार आहेत.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी मी नेहमीसारखी सुई भरली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, उजेडात धरून आकडा वाचला, मग बाटलीवरचं नाव. "बरोबर हाय," म्हणाले आणि स्वतःच टोचून घेतली.

आता रोज तसंच. माझ्या मनाला ते लागतं. तरी त्यांचं वाचून होईपर्यंत मी शेजारी उभी राहते.