चोराला वाट कुणी ठेवली?

वडगावच्या कोर्टात त्या दिवशी मी उलटतपासणी घेत होते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा, प्रश्न माझ्या ओठांवर, आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून आमच्या ज्युनियरने मोबाईल माझ्यापुढे सरकवला. विमलमावशींच्या थोरल्या मुलीचा, सविताचा निरोप होता. दोनच शब्द... "आई गेली." माझा प्रश्न अर्धाच राहिला. साक्षीदार पिंजऱ्यात असताना मी आजवर कधी तारीख मागितली नव्हती, त्या दिवशी मागितली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "कारण?" मी म्हटलं, "साहेब, आमच्या ऑफिसातल्या मावशी गेल्या." ऑफिसातल्या मावशी जाणं हे काही कोर्टाने काम थांबवावं असं कारण नव्हे, हे मलाही कळत होतं. पण साहेबांनी पेन खाली ठेवलं. "विमलमावशी?" त्यांनी हळूच विचारलं. मी मान हलवली. विरोध करायला उठलेले समोरचे वकील तसेच खाली बसले आणि म्हणाले, "आमची हरकत नाही, साहेब." आयुष्यात एकही खटला न चालवलेल्या, सातवी शिकलेल्या बाईंसाठी कोर्टातलं काम थांबलं. गाडीत बसल्यावर मला रडू फुटलं. पण त्या रडण्याला अभिमानाचीही धार होती, हे आज सहा आठवड्यांनी लिहिताना कबूल करायला हवं.

आमची फर्म म्हणजे मी आणि माझा भागीदार प्रशांत, लोणावळ्यात झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आमच्याकडे येणारे बरेचसे दावे एकाच प्रकारचे असतात. कुणीतरी आपल्या जागेत माणसं ठेवतो, पाहुणे उतरवतो, आणि त्यांच्या सुरक्षेची हयगय करतो. त्यात कुणाचा तरी जीव जातो. मग मागे राहिलेली माणसं विचारतात, हे टळलं नसतं का? हे काम आम्ही ठरवून सुरू केलं नाही. ते विमलमावशींनी आमच्या गळ्यात घातलं.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचा नवरा जाऊन दोन महिने झाले होते. नारायणभाऊ लोणावळ्याबाहेर डोंगरउतारावरच्या एका बंगल्यांच्या आवारात आचारी होते. शनिवार-रविवारी भाड्याने जाणारे सहा बंगले, त्यांचा एक मालक, एक मॅनेजर. मावशी दोन मुलींना घेऊन इंदुरीजवळच्या गावी राहायच्या, भाऊ दर बुधवारी घरी यायचे. त्या पावसाळ्यात आवाराची मागची दगडी भिंत वीसेक फूट ढासळली आणि तशीच राहिली. पुढे दोनदा चोऱ्या झाल्या. तिसऱ्यांदा चोर आले तेव्हा भाऊ आवाज ऐकून बाहेर गेले आणि डोक्यात गज बसून जागीच गेले. चोर सापडले नाहीत. मालकाने मात्र पोलिसांना जबाब दिला, की आतल्याच कुणाची तरी फूस असावी, आचाऱ्याचं आणि चोरांचं वाटणीवरून बिनसलं असेल. गावात ते पसरायला दोन दिवस पुरले. मावशींच्या घरी सांत्वनाला येणारी माणसं थांबली.

हे सगळं त्यांनी माझ्यासमोर बसून सांगितलं, एकदाही डोळ्यांना पदर न लावता. मी विचारलं, "मावशी, नुकसानभरपाई हवी आहे का?" त्या म्हणाल्या, "पैसं तर पायजेतच वकीलबाई. दोन पोरींची शाळा हाय. पन त्याच्या आदी त्यो कागुद पायजे."

"कोणता कागद?"

"माजा मालक चोर न्हवता, आसं लिवल्याला. सरकारी शिक्क्याचा."

मी दावा दाखल केला खरा, पण मनातून मला भरवसा नव्हता. मारलं चोरांनी आणि दावा मालकावर, हे कोर्टाला पटवायचं कसं? वकीलमंडळींनी बाररूममध्ये माझी चेष्टाही केली. त्यातच मालकाकडून तडजोडीचा निरोप आला. रक्कम बरी होती, अट एवढीच, की जे झालं त्यात मालकाचा दोष नाही असं मावशींनी लिहून द्यायचं. मी त्यांना ती स्वीकारायचा सल्ला दिला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चांगला पाऊण तास मी त्यांना समजावत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमी माज्या भल्याचं सांगताय, कळतंय मला. पन मी सई दिली तर त्यांच्या नावाचा कागुद मंग कोन लिवनार, बाई?" त्याच संध्याकाळी मी मालकाला नकार कळवला.

तेव्हापासून तो खटला खऱ्या अर्थाने त्यांनीच चालवला. भिंत पडल्यावर भाऊंनी मॅनेजरच्या मागे लागून कामशेतचा एक गवंडी आणून ती दाखवली होती, एवढं त्यांना आठवत होतं. नाव ठाऊक नव्हतं. कामशेतपासून वडिवळ्यापर्यंत जिथे जिथे बांधकाम चालू होतं तिथे त्या चौकशी करत फिरल्या आणि शंकर नावाचा तो गवंडी शोधून काढला. तो म्हणाला, "मावशे, मी बंगलेवाल्यांचीच कामं करतो. साक्ष दिली तर उद्या मला बोलवंल कोन?" मावशींनी वाद घातला नाही. त्या तिथेच वाळूच्या ढिगाशेजारी बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. तिसऱ्या दिवशी भाकरी बांधून गेल्या. चौथ्या दिवशी शंकर वैतागला. "आजबी आलीस?" त्या म्हणाल्या, "व्हय. तू तुजं काम कर की. मी काय बोलतीया का?" पाचव्या दिवशी त्याने हातातली थापी खाली ठेवली आणि विचारलं, "तारीख कदी हाय?"

मध्यंतरी मालकाने घाईने भिंत बांधून घेतली होती आणि कोर्टात सांगितलं होतं, की ती कधी पडलीच नव्हती. म्हणून जागेच्या पाहणीसाठी कोर्ट कमिशनर नेमला गेला. श्रावणातला दिवस, धुकं इतकं की समोरचा बंगला दिसेना. कमिशनर वहीत 'भिंत सुस्थितीत' असं लिहायच्या बेतात होते. मावशी छत्री मिटून भिंतीपाशी गेल्या. "सायेब, जरा हितं हात लावून बगा. आता तितं लावा." दोन्हीकडचे दगड शेवाळाने हिरवेगार, बुळबुळीत. मधला वीस फुटांचा पट्टा मात्र कोरा. मावशी म्हणाल्या, "ह्यो दगूड धा पावसाचा हाय आन् त्यो यकाच पावसाचा. आमच्या मावळात दगडाचं वय लपत न्हाई सायेब." मी तिथेच उभी होते, भिंतीकडेच पाहत होते, आणि मला ते दिसलं नव्हतं.

त्यांची साक्ष झाली त्या दिवशी कोर्टात बसायला जागा नव्हती. मालकाच्या वकिलांनी सुरुवात केली.

"तुमच्या नवऱ्याला कुणी मारलं?"

"चोरांनी."

"माझ्या पक्षकाराने मारलं का?"

"न्हाई."

"मग दावा यांच्यावर कशाला?"

मावशींनी पदर नीट केला. "चोराला वाट कुनी ठिवली, त्ये इचारायला आलेय."

त्यानंतर शंकर पिंजऱ्यात आला. ती भिंत बांधायला किती दिवस लागले असते, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "दोन दिस. हाताखाली गडी आसंल तर दीड. पन मालक म्हनलं, पाऊस सरू दे, मंग बगू."

निकाल मावशींच्या बाजूने लागला. मयत नारायण यांचा चोरीशी काही संबंध असल्याचा कोणताही पुरावा नाही, उलट धोका वेळेवर लक्षात आणून देणारे ते एकमेव होते, असं त्यात लिहिलं होतं. ते वाक्य मावशींनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग खाली झेरॉक्सवाल्याकडे जाऊन त्या पानाच्या चाळीस प्रती काढल्या आणि लग्नाची पत्रिका वाटावी तशा गावात घरोघर वाटल्या. सविता सांगते, आई प्रत्येक दारात एवढंच म्हणायची, "वाचा. न्हाई वाचता येत तर पोराकडनं वाचून घ्या." पुढच्या दिवाळीला त्यांच्या घरी फराळाची इतकी ताटं आली, की ठेवायला जागा पुरेना. मावशींनी सगळी घेतली. परत मात्र एकाही ताटातून काही पाठवलं नाही. तेवढा राग त्यांनी शेवटपर्यंत जपला.

मीच त्यांना म्हटलं, आमच्या ऑफिसात या. त्या म्हणाल्या, "झाडलोट करीन. पन फायलीबी शिकवा." वर्षभरात झाडलोटीला दुसरी बाई ठेवावी लागली, कारण मावशी जाग्यावर सापडेनात. कुठे दुर्घटना झाली की जागा पाहायला त्याच पुढे. एका रिसॉर्टच्या तलावात पोहताना एक विद्यार्थी बुडाला. मालकाचं म्हणणं, आमच्याकडे जीवरक्षक नेमलेला आहे. मावशी गेल्या, तर खरंच गळ्यात शिट्टी आणि अंगात तांबडा टीशर्ट असलेला एक माणूस खुर्चीवर बसला होता. त्यांनी त्याच्याकडे पाणी मागितलं, गावाची चौकशी केली आणि सहज विचारलं, "भाऊ, तुमाला पवता येतं का ओ?" तो लाजून म्हणाला, "न्हाई मावशी. मी बागंला पानी घालाया हाय. शनिवारी ह्ये घालाया देत्यात." बेगडेवाडीकडे कामगार मुलींच्या एका वसतिगृहात खून झाला, तिथे जिन्यावर कॅमेरा होता. आम्ही त्याचं चित्रण मिळवायला अर्ज लिहीत होतो. मावशी त्या कॅमेऱ्याची वायर नजरेने धरून भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "बाई, ही तर हितंच सपली." वायर कशालाच जोडलेली नव्हती. कॅमेरा निव्वळ शोभेचा होता.

स्वभावाने सोप्या नव्हत्या. प्रशांतशी महिन्यातून एकदा तरी वाजायचं. दुपारी जेवणानंतर त्या भिंतीला टेकून अशा घोरायच्या, की अशील जिन्यातच थबकायचे. मलाही त्यांनी सोडलं नाही. वसतिगृहाचा तो खटला आम्ही हरलो. साक्षीदार उलटली. मी मुलीच्या वडिलांना फोन करून निकाल कळवला आणि दुसऱ्या फाईलकडे वळले. मावशी टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. "जिकलो आसतो तर त्यांच्या घरी पेढं घ्याया गेला आसता न्हवं, बाई? मंग हरल्यावर फोन?" दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन त्या घरी गेले. त्या मुलीच्या वडिलांनी आमच्यासाठी अंगणात सतरंजी टाकली. परत आल्यावर गाडीतून उतरताना मावशी माझ्या दंडावर थोपटून म्हणाल्या, "आता अपिलाचं बगा."

त्यांच्या कामाची खरी पावती मला एका अनपेक्षित माणसाकडून मिळाली. बंगल्याच्या मालकाकडून ज्यांनी मावशींची उलटतपासणी घेतली होती, त्याच वकिलांच्या चुलत बहिणीचा नवरा एका गोदामात लिफ्ट कोसळून गेला. त्यांनी तिला आमच्याकडे पाठवलं आणि मला फोन केला. "दावा तुम्ही चालवा. पण आधी तिला मावशींजवळ बसू द्या." मी हे मावशींना सांगितलं. त्या हसल्या. "लय वरडला हुता त्या दिवशी माज्यावर. पन मानूस वाईट न्हाई."

गेल्या हिवाळ्यात त्यांची पोटदुखी सुरू झाली आणि निदान व्हायला उशीर झाला. तळेगावच्या दवाखान्यात मी शेवटची भेटले तेव्हा आवाज खोल गेला होता. मी कोर्टाचं काही काढणार नव्हते, पण त्यांनीच विचारलं, सोमवारी कोण येणार आहे, कुणाचं काय राहिलंय. मी म्हटलं, "मावशी, आता आराम करा. आम्ही करतो सगळं." "व्हय," म्हणाल्या, "कराल की. म्या बगितलंय न्हवं तुमाला शिकताना." वीस वर्षांच्या वकिलीत यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मला मिळालेलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर सविताने त्यांच्या कपाटाची किल्ली आणून दिली. निकाली निघालेल्या फायली त्या कपाटात मावशी लावून ठेवायच्या. वर आमच्या छापील पट्ट्या... दावा क्रमांक, वादी, प्रतिवादी. प्रशांतच्या हातून एक फाईल निसटून पालथी पडली, तेव्हा तिच्या मागच्या बाजूला मावशींचं अक्षर दिसलं. आम्ही एकेक फाईल पालथी करत गेलो. प्रत्येकीच्या मागे गेलेल्या माणसाचं नाव आणि खाली एखादी ओळ, त्याच्या घरच्यांकडून ऐकलेली. 'लय हसायचा.' 'गाडी शिकत हुती.' 'म्हशीला नावानं हाक मारायचा.' 'आईला चपला घिऊन देनार हुता.' इतकी वर्षं मी या फायली घेऊन कोर्टात उभी राहिले, कलमं आणि दाखले तोंडपाठ केले, आणि एकदाही त्या उलटून पाहिल्या नाहीत.

टेबलावर नवी फाईल होती. एका कारखान्याच्या फाटकावर जीव गेलेल्या पहारेकऱ्याची. ती मी पालथी केली. मागची बाजू कोरी होती. प्रशांतने पेन पुढे केलं. मी त्याचं नाव लिहिलं आणि थांबले. खालची ओळ मला माहीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई यायची होती. मी प्रशांतला म्हटलं, राहू दे, आधी तिला विचारते.