कायुवे की काय हवे?

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऱ्हस्व-दीर्घ शिकवत होते. बेंगळुरूत सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी मी मराठी मुलांचा वर्ग घेते. फोन वहिनीचा होता. "शालू, तुझे अण्णा गेले गं... चहा ठेव म्हणाले, आणि मी कप घेऊन येईपर्यंत..." मी मुलांना म्हटलं, आज इथेच थांबू. फळा नीट पुसला, खडू डब्यात ठेवला, आणि मग खाली बसून रडले. आधी फळा का पुसला, कुणास ठाऊक. जयनगरला अण्णाच्या घरी पोचायला दीड तास लागला आणि तोवर त्याला न्यायची तयारी झालेली होती. या गोष्टीला आता दीड महिना होईल.

अण्णा माझा सख्खा मोठा भाऊ. आमचं घराणं बेंगळुरूत किती पिढ्यांपासून आहे असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "आम्ही आलो तेव्हा ट्रॅफिक नव्हतं, एवढं नक्की." घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि उंबरठ्यावर दोन्हींची खिचडी, असे आम्ही वाढलो. त्याचा धंदा मात्र कुणाला पटकन समजावून सांगता येत नसे. मालिकेत पात्रं बोलायची थांबतात आणि एखादं जुनं, सगळ्यांच्या तोंडी असलेलं गाणं वाजू लागतं ना, ते कुठलं वाजवायचं, कधी सुरू करायचं, कुठे तोडायचं, हे ठरवणारा माणूस तो. तीस-पस्तीस वर्षं त्यानं कन्नड मालिकांच्या भागांमध्ये गाणी बसवली. त्याचा एक हट्ट होता. गाणं आभाळातून पडता कामा नये, म्हणायचा, कुणाच्या तरी घरातून आलं पाहिजे. मग ते शेजारच्या रेडिओवरून येऊ दे, रिक्षातून येऊ दे, नाहीतर गल्लीतल्या लग्नाच्या मांडवातून.

एका मालिकेत एक कारकून निवृत्त होतो, असा भाग होता. हार पिशवीत कोंबून तो बसस्टॉपवर उभा आहे. दिग्दर्शकाला तिथे रडकं गाणं हवं होतं. अण्णानं समोरून एक रिक्षा जाऊ दिली आणि त्या रिक्षात एक धमाल नाचाचं गाणं लावलं, लग्नाच्या वरातीत वाजतं तसलं. रिक्षा सिग्नलला थांबते. गाणं वाजत राहतं. आणि त्या माणसाचा चप्पल घातलेला पाय हळूच ठेका धरतो... तेवढंच. दुसऱ्या दिवशी आमच्या भाजीवाल्या अक्कानं मला कोथिंबीर बांधून देता देता ते गाणं म्हणून दाखवलं आणि डोळे पुसले. हे माझ्या भावाचं काम, असं मी तिला अभिमानानं सांगितलं. तिनं कढीपत्ता जास्त घातला.

आता माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे, कारण पुढच्या गोष्टीत चूक माझी आहे. माझं लग्न पुण्याच्या घरात झालं. नवरा इथल्याच सरकारी कारखान्यात इंजिनिअर, त्यामुळे राहणं बेंगळुरूतच, पण सणवार पुण्याला. पहिल्या दिवाळीत मी पंगतीत म्हणाले, "स्वल्प मीठ वाढा." कन्नडमध्ये थोडंसं म्हणजे स्वल्प. झालं! नणंदेनं माझं नाव 'स्वल्पविराम' ठेवलं. माणसं प्रेमळच होती, पण त्या चार दिवसांत मी पन्नास वेळा स्वल्पविराम झाले. परत आल्यावर मी हट्टानं माझी मराठी घासूनपुसून लख्ख केली. इतकी की पुढे मीच दुसऱ्यांच्या चुका काढू लागले. जित्याची खोड म्हणतात ती हीच. अण्णा मला चिडवायचा, "पुट्टी, तू शिंकलीस तरी व्याकरणात शिंकशील." पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये लहान पोर. मी साठी ओलांडली तरी त्याच्या लेखी पुट्टीच होते.

आमची आई एक जुनं कन्नड सिनेमातलं गाणं सतत म्हणायची. प्रेमिकेचं गाणं. त्यात 'कायुवे' असा शब्द ओळीच्या शेवटी पुन्हा पुन्हा येतो. कायुवे म्हणजे मी वाट बघेन. आईला कन्नड चांगलं यायचं, पण गाणी ती मराठी कानानं ऐकायची. ती म्हणायची, "काय हवे... काय हवे..." शाळेत असताना मी एकदा तिला खरा शब्द सांगितला. पोळी लाटता लाटता ती म्हणाली, "वाट कसली बघत बसायची? काय हवे विचारायचं, देऊन टाकायचं, आयितु!" आयितु म्हणजे झालं, संपलं. आणि पुन्हा आपलं काय हवे सुरू. मैत्रिणी घरी आल्या की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अण्णा मात्र ताटलीवर ठेका धरायचा.

तीन वर्षांपूर्वी अण्णाकडे एका मालिकेचा भाग आला. मुलगी नोकरीसाठी परगावी निघाली आहे आणि आई पाठमोरी उभी राहून तिचा डबा भरते आहे. बोलणं काही नाही. अण्णानं तिथे हेच गाणं ठरवलं. मूळ गाणं वाजवायची परवानगी मिळेना, तेव्हा मालिकेतल्या आईनंच ते गुणगुणावं असं ठरलं आणि त्यासाठी त्यानं मला बोलावलं. आमच्या आईचा आवाज माझ्या गळ्यात उतरलाय, असं सगळे म्हणतात. जयनगरच्या घरातली पूर्वीची कोठीची खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, त्यात एक माइक. मी गायले. अगदी शुद्ध, 'कायुवे'.

"तसं नको गं पुट्टी. आईसारखं म्हण."

"अख्खं कर्नाटक ऐकणार ते. आईचं हसं करायचंय का तुला?"

"हसले तर हसले. आईपण हसायचीच की."

मी पुन्हा गायले, पुन्हा 'कायुवे'च. तिसऱ्यांदाही. अण्णा रागावला नाही. "सरी," म्हणाला, म्हणजे बरं, "आलं ते आलं. मन बदललं तर फोन कर." खरं सांगायचं तर मला आईच्या चुकीची लाज वाटत नव्हती, माझी वाटत होती. एवढ्या वर्षांनी कुणीतरी पुन्हा स्वल्पविराम म्हणेल, ही भीती. हे तेव्हा कळलं नाही, आता कळतंय.

भाग लागला त्या संध्याकाळी मी मुद्दाम बाजारात गेले. बघितलाच नाही. दुसऱ्या दिवशी अण्णाचा फोन आला. बघितलास का? मी म्हटलं, बघितला की, छान जमलाय.

"आवाज कसा आलाय तुझा?"

"एकदम स्पष्ट. 'कायुवे' तर किती स्वच्छ ऐकू येतं!"

मग तो म्हणाला, "हो ना. स्वच्छच." आणि माझ्या गुडघ्याची चौकशी करू लागला. त्यानंतर तीन वर्षांत आम्ही कितीतरी वेळा भेटलो, भांडलो, पत्ते खेळलो. त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही. मीही मूग गिळून बसले.

गेल्या आठवड्यात वहिनीनं त्याची ती गाद्यांची खोली आवरायला बोलावलं. आवरायला काहीच जमलं नाही. दोघी त्याच्या खुर्च्यांवर बसून राहिलो. मग वहिनी म्हणाली, "त्यांचं काहीतरी लावू या का?" आणि तिनं नेमका तोच भाग लावला. म्हणाली, ते हा वरचेवर बघायचे. पडद्यावर पाठमोरी आई. चपात्या घडी करून डब्यात ठेवते आहे. माझा आवाज सुरू झाला... मी अंग चोरून बसले. ओळ संपत आली, आता 'कायुवे' येणार, आणि तिथे आवाज थांबला. त्या बाईनं नळ सोडला. नुसतं पाणी वाहत राहिलं. मग पुढच्या दोन ओळी, आणि त्यांच्या शेवटी पुन्हा तेच. तिन्ही वेळा माझा शब्द काढून टाकलेला. एकदाही 'कायुवे' नाही.

"इथे रिकामं का, म्हणून चॅनलवाल्यांनी विचारलं होतं," वहिनी म्हणाली. "हे म्हणाले, तेवढं बहिणीकडून यायचंय. आलं की घालू."

म्हणजे त्या दिवशी फोनवर, मी स्वच्छ ऐकू येतं म्हणाले त्याच क्षणी, त्याला माझं खोटं कळलं होतं. डोळे मिटून दूध पिणारं मांजर मी, आणि तो समोर उभा राहून बघत होता. एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर मी चार दिवस रुसले असते आणि पाचव्या दिवशी येऊन गायलेही असते. पण त्यानं मला खोटं पाडलं नाही आणि आईलाही खोटं पाडलं नाही. जागा तेवढी ठेवून दिली. त्याच्या या चांगुलपणाचा मला त्या क्षणी भयंकर राग आला.

"परत लाव," मी वहिनीला म्हटलं. पाठमोरी आई पुन्हा डबा भरू लागली. नळ सुटला तसं मी मोठ्यानं म्हटलं, "काय हवे..." आवाज फाटला. दुसऱ्या वेळी बरा लागला. तिसऱ्या वेळी वहिनीही माझ्याबरोबर म्हणाली. मालिका पुढे गेली, मुलगी डबा घेऊन निघाली. गाद्यांच्या भिंतींमुळे त्या खोलीत आवाज घुमत नाही, बोललेलं तिथेच राहतं. मी त्याच्या माइककडे तोंड करून म्हटलं, "अण्णा, तेव्हा मी बघितला नव्हता रे. आज बघितला."