घरचीच बोलते

विमा कंपनीच्या एका खऱ्याखुऱ्या बाईला मी एकदा चोर म्हणालो. नुसतं म्हणालो नाही, तिचा नंबर ब्लॉक केला आणि मिशीवरून हात फिरवत जेवायला बसलो. अडचण एवढीच होती, की फोन माझा नव्हता. काकींचा होता. आणि काकींचा फोन म्हणजे एकट्या काकींचा नव्हता.

हे नीट सांगायला हवं. मुरबाडहून धसईकडे जाताना आमचा फाटा लागतो. फाट्यावर माझं घर, समोर काकींचं दुकान. चहा, साखर, तंबाखू, साबण आणि हंगामात त्यांच्या हातचं कैरीचं लोणचं. मागे डोंगर आणि डोंगरात वर वाडी. वाडीत फोनला रेंज नाही. त्यामुळे रेशनवाला असो, बँकवाला असो नाहीतर विम्याचा एजंट, कुणीही ‘मोबाईल नंबर सांगा’ म्हटलं, की अख्खी वाडी बिनदिक्कत काकींचा नंबर सांगायची. स्वतःच्या घराचा पत्ता सांगावा तशी.

फोन वाजला की काकी आधी तो पदराने पुसायच्या. पलीकडच्या माणसाला धूळ लागू नये म्हणून की काय, कोण जाणे. मग हात लांब करून फोन तोंडापुढे धरायच्या आणि शेताच्या दुसऱ्या बांधावरच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, “बोला, घरचीच बोलते!”

फोन कुणासाठीही असो, काकी घरच्याच. एकदा कंपनीचा मुलगा चक्रावला. “मॅडम, सकाळी तुम्ही हिराबाईंच्या घरच्या होतात. आता चिंतामणच्या घरच्या कशा?”

“मंग? हिराबाई काय परकी हाय?” काकींनी त्यालाच विचारलं.

निरोप वर पोचवायची त्यांची पद्धतही न्यारी. दुकानापुढच्या दोरीवर लाल गोधडी टाकायच्या. वाडीतून ती स्पष्ट दिसायची. गोधडी दिसली की कुणीतरी उतरून यायचं, निरोप घ्यायचं आणि जाताना अर्धा पाव साखरही न्यायचं. धंद्याचं डोकं काकींना होतंच, हेही सांगून ठेवतो.

नुसतं काहीतरी विकायला फोन करणाऱ्यांशीही त्या तितक्याच आपुलकीने बोलायच्या. एक मुलगी एका दमात म्हणत होती, “उद्या अचानक काही झालं तर आपल्या कुटुंबाचं काय, याचा विचार केलाय का?”

“तुला काय झालं गो? आवाज असा का? जेवलीस का?”

मुलगी अडखळली. “अजून नाही. टार्गेट बाकी आहे.”

“आधी जेव, मंग फोन कर. मी कुठं पळून जातेय?”

आणि त्या मुलीने जेवून खरोखर पुन्हा फोन केला! काकींनी विमा घेतला नाही, पण भाजी कसली होती ते विचारून घेतलं.

दुकानापुढच्या बाकावर बसून मी हे ऐकायचो आणि मनात म्हणायचो, ही बाई एक दिवस नक्की फसणार. आमच्या शहापूरच्या ऑफिसात फोनवरून फसवणाऱ्यांवर एक व्याख्यान झालं होतं. तेव्हापासून मी स्वतःला अर्धा पोलीस समजत होतो. “काकी, फोनवर कुणाला काही सांगायचं नसतं,” मी त्यांना समजावलं.

“आरं, त्यांनी इचारायचं आन् आमी सांगायचं नाय, तर फोन ठेवलाय कशाला?”

यावर व्याख्यानात काही सांगितलेलं नव्हतं.

मग वैशाखात काकींच्या भाचीचं लग्न निघालं, आटगावला. जीप हॉर्न वाजवत उभी. काकी नव्या लुगड्यात, घाईत. फोन माझ्या हातात कोंबला. “बाळा, वाजला की उचल. घरचाच बोलतो म्हण.” पन्नाशी आली तरी मी त्यांचा बाळाच होतो.

दुपारी फोन वाजला. गोड आवाजाची बाई. कंपनीचं नाव सांगून म्हणाली, “सोमा यांच्याबद्दल थोडी माहिती हवी होती. त्यांचं वय, आधी काही आजार...”

माझ्यातला अर्धा पोलीस पूर्ण झाला. “कशाला हवंय तुम्हाला वय? गरिबाला लुटायला लाज नाही वाटत? चोर कुठले!” पुढे जे झालं ते मी सुरुवातीलाच सांगितलं.

पहिला घास घेता घेता बायकोला सगळी मर्दुमकी ऐकवली. तिच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

“कोणाचं नाव घेतलं तिने?”

“सोमा का कोण.”

“अहो, सोमा! आंब्यावरून पडला, मांडी मोडली, दवाखान्यात आहे. काल सांगितलं ना मी तुम्हाला!”

सांगितलं असणार. काल मी टीव्हीवर मॅच बघत होतो आणि मॅचच्या वेळी मी कशालाही ‘हं’ म्हणतो.

घास तसाच ताटात ठेवला. ब्लॉक काढला आणि त्या नंबरवर उलटा फोन लावला. लागेना. तो नंबर फक्त फोन करणारा होता, घेणारा नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. मी झडप घातली. दवाखान्यातून, कुणाच्या तरी फोनवरून सोमाची बायको बोलत होती. “काकी? ओ काकी, कंपनी सांगतेय फोनवर कोन नीट बोलत नाय. त्यांनी हो म्हटल्याबिगर आपरेशन व्हायचं नाय. ह्ये लय कन्हतात वो.”

कंपनीचा मदतीचा नंबर तिच्याकडून घेतला, एवढं तरी सुचलं. त्यावर फोन लावला, तर एक साहेब म्हणाले, “या नंबरवरून आमच्या माणसाला शिवीगाळ झाली आहे. ज्यांचा फोन आहे त्यांनाच बोलू द्या.” शिवीगाळ करणारा मीच, हे त्यांना सांगायचं धाडस झालं नाही. आटगावातल्या लग्नघरात कुणाचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी फाट्यावर जाऊन उभा राहिलो आणि येणाऱ्या प्रत्येक जीपमध्ये डोकावू लागलो.

ऊन कलल्यावर काकी उतरल्या. हातात बुंदीचा पुडा. मी एका श्वासात सगळं ओकून टाकलं. चोर म्हणालो, ब्लॉक केलं, सगळं. वाटलं, आता पुडा डोक्यात बसतो.

काकी बाकावर बसल्या. “पानी आन आधी,” म्हणाल्या. पाणी प्यायल्या आणि मग हळूच बोलल्या. त्यांचा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. “माझ्यासाठीच चढला व्हता रे. लोणच्याच्या कैऱ्या काढाया. मी म्हटलं, ती वरली फांदी बघ.”

मी नंबर लावून दिला. मशीन बोलू लागलं. “घरचीच बोलते,” काकी मशीनला म्हणाल्या. मी बटणं दाबत गेलो. बऱ्याच वेळाने साहेब आले.

“आपण रुग्णाच्या कोण?”

“घरचीच.”

“बाई, हाच नंबर आमच्याकडे कितीतरी जणांच्या नावापुढे आहे. सगळ्यांच्याच घरच्या कशा तुम्ही? एजंट आहात का? नीट कळल्याशिवाय हे पुढे जाणार नाही.”

आता सोमाच नव्हे, अख्खी वाडी अडकणार. मी खुणेने सांगत होतो, मावशी म्हणा, आत्या म्हणा, काहीही म्हणा. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “वर टावर नाय. म्हणून मी हाय.”

त्यांनी फोन जरा तोंडाजवळ घेतला.

“त्यांना फोन करायचा तर तुमी कुठं करनार? म्हणून समदी माझा नंबर देतात. आन् मगाशी शिव्या घातल्या तो आमचाच. येडा हाय, पन मनाचा वाईट नाय. तुमच्या बाईला सांगा, राग धरू नको. सोमा माझ्या कैऱ्या काढताना पडला. वय मला ठावं नाय. माझ्या लग्नात पाळण्यात व्हता, त्यावरनं काय ते धरा. आजार कसला नाय, फकस्त भूक लय. आजून काय इचारायचं तर इचारा. मी हितंच बसलेय, पन त्याचा पाय नीट करा वो.” त्यांनी फोन पुन्हा एकदा पदराने पुसला.

“काकी,” साहेब म्हणाले, “लाईनवर थांबा.”

बाईची काकी झाली तेव्हाच माझा जीव अर्धा खाली आला. उरलेला अर्धा थोड्या वेळाने आला, साहेबांनी ‘मंजूर केलंय, दवाखान्याला कळवतो’ म्हटल्यावर. काकींनी पुडा सोडला आणि मूठभर बुंदी माझ्या तोंडात कोंबली, बहुतेक मी पुन्हा काही बोलू नये म्हणून.

सोमाची म्हातारी आई वर एकटीच वाट बघत होती. संधिप्रकाशात गोधडी दिसायची नाही. काकी म्हणाल्या, “जा, आज तूच गोधडी.” मोटरसायकल चढेल तिथवर गेलो, पुढे चालत. म्हातारीने ऐकून घेतलं, दोन्ही हात कपाळाला लावले, मला कोरा चहा दिला आणि विचारलं, “काकीनं सांगितलं ना? मंग खरं.”

सोमाचा पाय सांधला. थोडा लंगडतो, पण कैऱ्यांच्या दिवसांत झाडावर असतोच. बायको ओरडते, तो वरून हसतो.

पुढे वाडीलाही टॉवर आला. ज्या दिवशी सुरू झाला, त्या दिवशी माणसं नवे फोन घेऊन खाली उतरली आणि दुकानापुढे बसून एकेक जण काकींना फोन लावू लागला. लागतो की नाही बघायला. हाताच्या अंतरावर बसलेल्या प्रत्येकाचा फोन काकी पुसून उचलत होत्या आणि प्रत्येकाला जेवलास का ते विचारत होत्या. तुम्ही असतात तर तुम्हीही हसला असतात. मग तुमचंही हसू जरा अडकलं असतं.

आता त्या लेकीकडे कसाऱ्याला असतात. गुडघे दुखतात. दुकानाला कुलूप आहे.

परवा मलाच विमा कंपनीचा फोन आला. मी अत्यंत सभ्यपणे बोललो. सगळी माहिती घेऊन झाल्यावर मुलगी म्हणाली, “सर, तुमचा फोन लागला नाही, तर घरच्या कुणाचा तरी दुसरा नंबर द्या.” मी स्वयंपाकघराकडे बघून बायकोला विचारलं, “तुझा देऊ?”

“काकींचा द्या,” ती म्हणाली.

“अगं, त्या तिकडे कसाऱ्याला.”

“असू देत. कुठूनही उचलतील.”