पहिला चिंचोका

अंगणवाडीत मी मुलांपुढे चिंचोके ओतले आणि एकेक वाटीत टाकत मोजायला सांगितलं. चार वर्षांच्या सखूने पहिला चिंचोका टाकला आणि म्हणाली, "लाभ." मग दोन, तीन, चार.

"आधी एक म्हणायचं, सखू."

"आमचे आजोबा धान्य मापताना लाभच म्हणतात, बाई. पहिल्याला एक म्हणायचं नसतं."

मी तिला पुन्हा मोजायला लावलं. तिने "एक" म्हटलं खरं, पण तो चिंचोका काही वाटीत टाकला नाही, मुठीत घट्ट धरून बसली. ती मूठ दिवसभर माझ्या डोळ्यांपुढून हलेना. इतकी वर्षं मी मुलांना मोजायला शिकवते आहे. पण मोजण्याआधी समोर आहे त्याला लाभ मानावं, हे मला कधी सुचलं नाही. मी मोजते ते काय कमी पडलं, एवढंच.

घरी आले, उगाच दोनदा ओटा पुसला. मुलगी सासरी गेल्यापासून मी एकटीच जेवते. ताट मांडलं आणि हळूच म्हणून पाहिलं, "लाभ."

पुढे दोन म्हणायला दुसरं ताट नव्हतं.